थरची वाळू वाचताना: वाळवंटातील सरडे आणि साप शोधण्याची व निरखण्याची पद्धत

सूर्योदयानंतर लगेच, ऊन अजून आडवे असताना, जैसलमेरजवळच्या एखाद्या धोऱ्याच्या उतारावर उभे राहिले तर रात्रभरात तिथून कोण कोण गेले याची नोंद पायाशी पसरलेली दिसते. धोरा म्हणजे वाळूची टेकडी; हा शब्द तिकडचा आहे आणि या लेखात मी तोच वापरणार आहे. ऊन चढले आणि वारा सुटला की ही नोंद तासा-दोन तासांत पुसली जाते. थरमधील सरपटणारे प्राणी पाहायचे असतील तर सुरुवात या नोंदीपासून करावी, आणि दगड उलटणे, बिळे उकरणे, झुडपे काठीने झोडपणे या गोष्टींना मुळीच हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. वाळूवर उठलेले माग ओळखता आले आणि एका जागी निमूट बसता आले, तर न पकडता, न हुसकावता या प्राण्यांचे जेवढे जगणे पाहायला मिळते, तेवढे पकडून हातात घेतलेल्या प्राण्यात कधीच दिसत नाही.

पुढची सर्व माहिती भारतातील थर वाळवंटाविषयी, मुख्यतः जैसलमेर जिल्हा आणि चुरू जिल्ह्यातील ताल छापर अभयारण्याविषयी आहे. मुंबई-पुण्याहून जोधपूरपर्यंत रेल्वेने आणि तिथून रस्त्याने किंवा रेल्वेने जैसलमेरला जाता येते, त्यामुळे आठवडाभराच्या सुट्टीत ही भेट सहज बसते.

आधी ऋतू ठरवा

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते, त्यामुळे तारीख चुकली की बाकीची सगळी तयारी वाया जाते. थरमध्ये हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच थंड असतात आणि साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सांडा हा काटेरी शेपटीचा मोठा सरडा बिळाचे तोंड आतून मातीने बुजवून आतच पडून राहतो. बहुतेक पर्यटक याच महिन्यांत जैसलमेरला जातात आणि वाळवंटात काहीच नसते असा समज घेऊन परततात. उलट टोकाला मे-जून आहे. १९ मे २०१६ रोजी जोधपूरच्या उत्तरेकडील फलोदी येथे ५१ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती. अशा दिवसांत वाळूचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि प्राणीदेखील सकाळचा एक छोटा आणि संध्याकाळचा एक छोटा कालावधी सोडला तर जमिनीखालीच असतात.

नवख्या माणसाने मार्चचा मध्य ते एप्रिलचा मध्य हा काळ निवडावा. सांडे बाहेर पडलेले असतात, सरड्यांचा विणीचा हंगाम तोंडावर असतो, आणि सकाळी आठपासून अकरापर्यंत सलग तीन तास शांतपणे बसता येते. ज्यांना मुख्यतः साप आणि पाली पाहायच्या आहेत त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पाऊस पडून गेल्यानंतरच्या उबदार रात्री गाठाव्यात. जैसलमेरच्या पश्चिमेला वर्षाकाठी पाऊस फार थोडा पडतो, पण एखादी चांगली सर येऊन गेली की किड्यांची संख्या वाढते, त्यामागून पाली आणि सरडे येतात, आणि त्यांच्या मागावर साप.

परवानग्या, सीमा आणि कायदा

डेझर्ट नॅशनल पार्क हे ३,१६२ चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याच्या आत गावे, शेते, चराऊ कुरणे असे सगळे आहे, त्यामुळे आपण केव्हा उद्यानाच्या हद्दीत शिरलो हे कळतही नाही. म्हणून जैसलमेरला पोहोचल्यावर पहिला अर्धा दिवस वन्यजीव विभागाच्या कार्यालयात जाऊन परवानगी घेण्यासाठी राखून ठेवावा आणि कोणत्या भागात, किती वाजेपर्यंत फिरता येईल हे तिथेच विचारून घ्यावे. माळढोक या अत्यंत दुर्मीळ पक्ष्यासाठी राखलेल्या कुंपणबंद क्षेत्रांच्या आसपास पायी भटकण्याचा विचारसुद्धा करू नये.

आंतरराष्ट्रीय सीमा जवळ आहे. सीमेलगतच्या भागात रात्री हिंडण्यावर जिल्हा प्रशासनाचे निर्बंध असतात, आणि धोऱ्यावर मध्यरात्री हलणारा बॅटरीचा प्रकाश सुरक्षा दलांना कसा दिसेल याची कल्पना करणे कठीण नाही. रात्रीची पाहणी जैसलमेर शहराजवळ किंवा सम, खुहडी यांसारख्या गावांच्या परिसरातच, स्थानिक वाटाड्यासह आणि यजमानाला सांगून करावी. ड्रोन आणि उपग्रह फोन घरीच ठेवावेत.

कायद्याबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला पकडणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेही येते. त्यामुळे छायाचित्रासाठी मांडूळ हातात उचलून घेणे ही केवळ वाईट सवय नाही, तो गुन्हा ठरू शकतो. वाटाडा ठरवताना हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे. पाहुण्याला खूश करण्यासाठी साप पकडून आणून दाखवणारे लोक भेटतात. त्यांना पैसे दिले की पुढच्या पाहुण्यासाठीही तेच घडते. मी दिवसाची मजुरी आधी ठरवतो, आणि काही दिसले किंवा न दिसले तरी ती तेवढीच राहील हे सांगतो. त्यामुळे वाटाड्यावरचा दबाव जातो आणि तो अधिक मोकळेपणाने बोलतो.

बरोबर काय घ्यावे

घोटा पूर्ण झाकणारे जाड चामड्याचे बूट ही सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी किंवा चामडी गुंडाळे मिळाले तर रात्रीसाठी तेही घ्यावेत. धोऱ्यावर अनवाणी किंवा सँडल घालून फिरण्याचा मोह होतो, पण वाळूत अर्धवट पुरलेले फुरसे वाळूच्याच रंगाचे असते हे विसरू नये. दुर्बीण आठपट दाखवणारी आणि दोन मीटरवरची वस्तूही स्पष्ट दिसणारी असावी. पक्ष्यांसाठी घेतलेल्या जुन्या दुर्बिणी इतक्या जवळ उपयोगी पडत नाहीत. डोक्याला बांधायची बॅटरी आणि हातातली बॅटरी अशा दोन बॅटऱ्या लागतात. किराणा दुकानदारांनी साथीच्या काळात कपाळावर धरलेले लांबून तापमान मोजणारे यंत्र आठवत असेल. त्याच जातीचे, पण ७०-८० अंशांपर्यंत मोजणारे कारखान्यातले यंत्र मिळाले तर जमिनीचे तापमान नोंदवता येते आणि कोणता प्राणी किती अंशांवर बाहेर पडतो याचा स्वतःचा तक्ता तयार होतो. अर्ध्या दिवसासाठी माणशी किमान चार-पाच लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, मळक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बसायला जाड घोंगडीचा तुकडा, वही आणि शिसपेन्सिल एवढे पुरते. साप पकडायची आकडी काठी नको. ती हातात असली की वापरली जाते.

जमिनीचे प्रकार ओळखा

थर म्हणजे सगळीकडे वाळूच्या टेकड्या, असे चित्र जाहिरातींनी रुजवले आहे. प्रत्यक्षात जैसलमेरच्या आसपासचा बराच भाग खडकाळ आणि कंकराळ माळ आहे, आणि प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर वेगळे प्राणी राहतात. कोणता प्राणी कुठे शोधायचा हे जमिनीवरून ठरते, म्हणून गाडी थांबवल्यावर आधी पायाखाली पाहावे.

मोकळ्या, बारीक, भुसभुशीत वाळूच्या उतारांवर बेडकासारख्या चपट्या डोक्याचा एक छोटासा सरडा राहतो. १९७८ मध्ये त्याचे वर्णन झाले तेव्हा जैसलमेर जिल्ह्यातील लोंगेवालाच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेवले गेले. हा सरडा धोक्याची चाहूल लागताच अंग दोन्ही बाजूंना भराभर थरथरवतो आणि पाहता पाहता वाळूत बुडतो. त्याच वाळूत पृष्ठभागाखालून पोहत जाणारी एक सापसुरळी असते. तिचे पाय अगदी छोटे आणि तीन बोटांचे असतात, आणि स्थानिक लोक तिला वाळूतली मासळी म्हणतात. बोटांच्या कडांना खवल्यांची झालर असलेले चपळ सरडे दिवसा याच भागात फोगाच्या आणि रुईच्या झुडपांमधून धावताना दिसतात; ही झालर म्हणजे वाळूवर पाय रुतू न देणारी त्यांची पादत्राणेच.

सेवण गवताच्या सपाट कुरणांत आणि कठीण, किंचित खारट जमिनीवर सांड्यांच्या वसाहती असतात. कंकराळ माळावर ज्यांचे नर विणीच्या काळात निळसर गळ्याने उठून दिसतात असे वाळवंटी सरडे भेटतात. जमीन तापली की ते झुडपाच्या टोकावर चढून बसतात, त्यामुळे दुपार होताना नजर जमिनीऐवजी झुडपांच्या शेंड्यांवरून फिरवावी. खडकाळ भाग, पडक्या भिंती आणि जुन्या विहिरींचे कठडे पालींचे आणि सापांचे. गावाजवळच्या ओरणांना, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या कुरणांना आणि झाडीला, मी नेहमी वेळ देतो. तिथे जुनी खेजडीची झाडे असतात, त्यांच्या मुळांशी बिळे असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लागलेली नसल्यामुळे प्राणी टिकून असतात. खेजडी म्हणजे आपल्याकडे दसऱ्याला पूजतात ती शमी.

माग वाचणे

सकाळी धोऱ्यावर चढताना सूर्य आपल्या पाठीशी न ठेवता समोर ठेवावा, म्हणजे माग आपण आणि सूर्य यांच्यामध्ये येतो. तिरप्या प्रकाशात प्रत्येक खळग्याला सावली मिळते आणि जे पाठमोऱ्या उन्हात सपाट दिसत होते ते उठून दिसू लागते. मला हे एका वृद्ध धनगराने शिकवले. हरवलेल्या उंटिणीचा माग तो असाच काढत असे.

फुरशाचा माग एकदा पाहिला की विसरला जात नाही. हा साप सैल वाळूवर अंग आडवे टाकत, एका वेळी शरीराचे एक-दोन भागच टेकवत जातो, त्यामुळे एकमेकींना न जोडलेल्या, तिरप्या, समांतर रेघांची रांग तयार होते, जणू कोणी वाळूवर काठीने सारख्या अंतरावर आडव्या खुणा करत गेले आहे. ज्या दिशेने ही रांग सरकत जाते, ती सापाची दिशा. मांडुळाचा माग याच्या अगदी उलट: जाड, सलग, हलक्या वळणांचा चर, जो मध्येच वाळूत उतरून संपतो. वाळूतल्या सापसुरळीचा माग बोटभर रुंदीचा आणि नागमोडी असतो, आणि तो कुठूनही सुरू होतो व कुठेही संपतो, कारण ती दोन्ही टोकांना वाळूखाली गेलेली असते. सरड्यांच्या मागात दोन्ही बाजूंना पावलांचे ठसे आणि अनेकदा मधून शेपटीची रेघ असते. घोरपडीचा माग त्याचीच मोठी आवृत्ती, नख्यांचे खोल ठसे आणि मधोमध नागासारखी वळणारी शेपटीची ओढ. काळ्या भुंग्यांच्या ठिपक्यांच्या दोन ओळी सर्वत्र असतात आणि सुरुवातीला त्यांनीच सर्वाधिक फसगत होते. ठिपके फार बारीक, फार नियमित आणि शेपटीच्या रेघेशिवाय असतील तर तो कीटक समजावा.

माग ताजा आहे की जुना हे ठरवण्यासाठी कडा पाहाव्यात. नुकत्याच उठलेल्या मागाच्या कडा धारदार असतात आणि वाऱ्याच्या लाटांच्या रेषा त्याने कापलेल्या असतात. जुन्या मागावर त्याच लाटा पुन्हा चढलेल्या दिसतात. यापेक्षाही विश्वासार्ह खूण म्हणजे एकमेकांना छेदणारे माग. भुंग्याची ठिपक्यांची ओळ फुरशाच्या रेघेवरून गेली असेल तर फुरसे आधी गेले, भुंगा नंतर. रेघेने ठिपके पुसले असतील तर फुरसे नंतरचे आणि बहुधा जवळपासच असेल.

माग मिळाला की त्याच्यावरून न चालता एका बाजूने, दीड-दोन मीटर अंतर ठेवून चालावे. तो एखाद्या झुडपाच्या बुंध्याशी पोहोचला की तीन-चार मीटरवर थांबावे आणि त्या झुडपाला लांबून पूर्ण फेरी मारावी. दुसऱ्या बाजूने माग बाहेर पडलेला नसेल तर प्राणी आतच आहे. आता पुढे जायचे नाही. दुर्बिणीने बुंध्याजवळची वाळू इंच-इंच पाहायची. फुरसे बहुतेक वेळा अंग वाळूत रुतवून फक्त डोळे आणि नाकपुड्या वर ठेवून असते, आणि पाच-सात मिनिटे नुसते पाहत राहिल्यावर एकदम कळते की आपण ज्याला सुकलेले पान समजत होतो ते त्याचे डोके आहे. कोकणात सड्यांवरच्या जांभ्या दगडांखाली सापडणारे फुरसे ज्यांनी पाहिले आहे त्यांना थरमधला प्रकार आकाराने मोठा वाटेल. त्याला तिकडे बांडी म्हणतात. डिवचल्यावर ते अंगाची वळणे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. तो आवाज ऐकू आला तर आपण नको इतके जवळ गेलो आहोत, आणि दोन पावले मागे घेऊन थांबणे एवढेच करायचे असते.

सांड्याच्या बिळासमोर

थरमधील सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी एकच पाहायचा असेल तर मी सांडा सांगेन, आणि त्यासाठी ताल छापरला जायला सांगेन. सुजानगडजवळचे सुमारे सात चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य काळविटांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथल्या सपाट गवताळ जमिनीवर सांड्यांची बिळे मोठ्या संख्येने आहेत, आणि धोऱ्यावर चालण्याचे कष्टही नाहीत. बिळाचे तोंड अर्धचंद्राच्या आकाराचे, वर कमान आणि खाली सपाट असते. समोर मातीचा लहानसा पसारा आणि त्यावर सुकलेल्या गवतकाड्यांची लेंडके असतील तर बीळ वापरात आहे. साधारणपणे एका बिळात एकच प्रौढ सांडा राहतो.

तोंड आतून बुजलेले बीळ निवडून त्याच्यापासून वीस-पंचवीस मीटरवर, वारा आपल्याकडे येईल आणि आपली सावली बिळावर पडणार नाही अशा जागी घोंगडी टाकून बसावे. उभे राहू नये. उभ्या माणसाची आकृती या प्राण्याला ससाण्याइतकीच धोक्याची वाटते. मार्चमध्ये नऊ-दहाच्या आधी बहुधा काही घडत नाही. मग बिळाच्या तोंडाशी माती हलते, दोन-तीन वेळा थांबून पुन्हा हलते, आणि एक बोथट तोंड दिसते. नुसते तोंड. या अवस्थेत सांडा दहा-पंधरा मिनिटेही राहतो, आणि याच वेळी पाहणारा मान हलवतो किंवा कॅमेरा उचलतो आणि तो आत जातो. मी एकदा पाय अवघडल्यामुळे जागा बदलली आणि पुढचे दोन तास त्या बिळातून काहीही बाहेर आले नाही.

हालचाल न करता थांबलात तर तो अर्धे अंग बाहेर काढतो आणि पोट जमिनीला टेकवून अंग पसरट करतो. पहाटेच्या गारव्यातून आलेला सांडा गडद, पाटीसारख्या राखाडी रंगाचा असतो. ऊन अंगात शिरत गेले की अर्ध्या-पाऊण तासात तो फिकट, मातकट पिवळा होतो. हा बदल एका नजरेत दिसत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी वहीत रंगाची नोंद करावी किंवा एकाच जागेवरून छायाचित्र घ्यावे. दुर्बिणीतून मांडीच्या पुढच्या भागावरचा काळा डाग पाहावा, शेपटीवरच्या काट्यांची कडी पाहावी, आणि नाकपुड्यांभोवती पांढरट थर आहे का तेही पाहावे. वनस्पती खाऊन अंगात जमणारे जास्तीचे क्षार या जातीचे प्राणी नाकावाटे बाहेर टाकतात, आणि पाणी न गमावता मीठ काढून टाकण्याची ही सोय थरसारख्या ठिकाणी किती मोलाची असेल हे पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर तो चरायला निघतो. प्रौढ सांडा प्रामुख्याने शाकाहारी असल्यामुळे तो पाने खुडताना, फुले निवडताना दिसतो, आणि दर काही घासांनी मान उंचावून आकाशाकडे पाहतो. तो वर पाहू लागला की आपणही पाहावे. बहुतेक वेळा एखादा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो, आणि सांड्याने तो आपल्याआधी हेरलेला असतो.

याच प्राण्याला पकडून, पाठीचा कणा मोडून, त्याच्या चरबीचे तेल काढून गुप्तरोगावरचे औषध म्हणून विकले जाते. त्या तेलात कोणताही औषधी गुण नाही. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला जिवंत सांडे मांडून बसलेला विक्रेता दिसला तर वनविभागाला कळवावे, विकत घेऊन सोडून देऊ नये. विकत घेतल्याने त्याचा धंदा चालू राहतो.

रात्रीची पाहणी

अंधार पडल्यानंतरचे पहिले दोन-अडीच तास सर्वांत चांगले. डोक्यावरची बॅटरी डोळ्यांच्या रेषेत असल्यामुळे पालींचे डोळे लांबूनच चमकतात. कोळ्यांचे डोळेही चमकतात, पण ते बारीक आणि हिरवट-निळसर दिसतात. वाळूवरच्या पाली प्रकाशात क्षणभर थबकतात. तेवढ्यात बॅटरी थोडी बाजूला वळवून कडेच्या अंधुक प्रकाशात त्यांना पाहावे. डोळ्यांत थेट झोत धरून ठेवला तर त्या बराच वेळ आंधळ्यासारख्या बसून राहतात आणि घुबडाच्या तोंडी जातात. एका प्राण्यापाशी दोन-तीन मिनिटांहून अधिक थांबू नये.

चालताना पाऊल टाकायची जागा आधी उजेडात पाहावी, मगच पाऊल टाकावे, आणि इकडेतिकडे पाहायचे असेल तर थांबून पाहावे. झुडपाच्या अगदी कडेने चालू नये. ज्यांना पायी फिरायचे नाही त्यांनी गावाकडच्या कमी रहदारीच्या डांबरी रस्त्यावरून ताशी वीस किलोमीटरच्या आत गाडी चालवावी; दिवसभर तापलेला रस्ता रात्री ऊब देतो, म्हणून साप त्यावर येतात आणि दुर्दैवाने त्यामुळेच चिरडले जातात. मेलेला साप सापडला तरी त्याची जागा, वेळ आणि छायाचित्र नोंदवावे. धोऱ्यांवर रात्री गाडी घालणाऱ्यांबरोबर मी जात नाही, कारण वाळूत दोन बोटे खाली काय आहे हे चाकाला दिसत नाही.

दंश आणि ऊन

थरमध्ये फुरसे, नाग आणि सिंध मण्यार हे विषारी साप आहेत. मण्यारीला पश्चिम राजस्थानात पीवणा म्हणतात. हा साप झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन टाकतो असा समज आहे. समजामागचे कारण सरळ आहे: मण्यारीचा दंश अनेकदा वेदनारहित असतो, खूण जवळजवळ दिसत नाही, आणि जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी श्वास घेता येत नाही अशा स्थितीत सापडतो. म्हणून खाटेवर, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचून झोपावे, आणि उघड्यावर वाळूत अंथरूण टाकण्याचा हट्ट करू नये. दुसरीकडे, गोहीच्या, म्हणजे घोरपडीच्या, पिल्लाला गोयरा म्हणून लोक अतिशय विषारी समजतात आणि दिसताच मारतात; त्याचा दंश दुखतो, पण त्याने माणूस मरत नाही. अशा गोष्टी कोणी सांगितल्या तर वाद न घालता ऐकाव्यात आणि आपण पाहिलेले सांगावे.

दंश झाला तर त्या माणसाला बसवून किंवा आडवे करून चावलेला अवयव हलू देऊ नये, अंगठी-कडे काढावे, आणि ताबडतोब १०८ वर दूरध्वनी करून किंवा हाती असलेल्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. कापणे, चोखणे, घट्ट बांधणे, भोप्याकडे म्हणजे मांत्रिकाकडे नेणे यांत जाणारा वेळ जिवावर बेततो. साप पकडून नेण्याची गरज नाही; लांबून काढलेले छायाचित्र असेल तर पुरे. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्षमता जाते आणि हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येणे काही तासांनीही सुरू होऊ शकते, म्हणून सुरुवातीला बरे वाटते या आधारावर परत फिरू नये. काचेच्या नळीत वीस मिनिटे रक्त ठेवून ते गोठते का हे पाहण्याची साधी चाचणी लहान रुग्णालयातही होते, ती करून घ्यावी. भारतात मिळणारी प्रतिविषे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनतात, पण थरमधील फुरशाच्या विषावर ती कमी परिणामकारक ठरल्याचे संशोधनात दिसले आहे. म्हणूनच वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचणे हा खरा उपाय आहे. आपण राहतो त्या जागेपासून असे रुग्णालय किती अंतरावर आहे हे पहिल्याच दिवशी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

सापापेक्षा उन्हाचा धोका अधिक संभवनीय आहे. हाताची पाठ वाळूवर पाच सेकंद ठेवता आली नाही तर पाहणी थांबवून सावली गाठावी.

घरी सराव आणि गावकऱ्यांशी बोलणे

थरला जाण्याआधी सराव हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर जावे. तिथे निळ्या-काळ्या-केशरी रंगाचा गळ्याचा पंखा उघडून दगडावर उभे राहणारे सरडे आहेत. २०१६ मध्ये या सरड्यांच्या वंशाला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, शास्त्रज्ञांनी जे नाव दिले ते ‘सरडा’ हेच. एका नरासमोर वीस मीटरवर तासभर न हलता बसता आले तर सांड्यासमोरही बसता येईल.

गावात शिरताना प्राण्यांविषयी विचारण्याआधी पाण्याची, पावसाची, गुराढोरांची विचारपूस करावी. पश्चिम राजस्थानात ‘गांव गांव खेजडी, गांव गांव गोगो’ अशी म्हण आहे. गोगाजी हा सापांचा लोकदेव आणि त्याचे ठाणे गावोगावी खेजडीखाली असते. अनेक ठिकाणी त्याच्या नावाने सापाला न मारण्याची रीत आहे, आणि त्या ठाण्याजवळ बसलेली वृद्ध माणसे कोणत्या बिळात काय राहते हे वर्षानुवर्षे पाहत आलेली असतात. ही माहिती त्यांची आहे, म्हणून ती समाजमाध्यमांवर गावाच्या नावासह टाकू नये. मांडूळ, चांदणी कासव आणि सांडा यांचे चोरटे व्यापारी अशाच नोंदींवर लक्ष ठेवतात. मांडुळाला लाखो रुपये मिळतात या अफवेने महाराष्ट्रातही किती मांडुळे पोत्यांतून सापडली हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेले आहे. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायची असेल तर अचूक जागा झाकण्याचा पर्याय निवडावा, आणि छायाचित्रातून गावाची पाटी, पवनचक्कीचा क्रमांक, ओळखू येणारे झाड वगळावे.

वहीत काय लिहावे

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, हवेचे आणि जमिनीचे तापमान, वारा, जमिनीचा प्रकार, जवळची वनस्पती, आणि प्राणी काय करत होता हे लिहावे. नाव ओळखता आले नाही तर ओळखले नाही असेच लिहावे. डोके वरून, डोके बाजूने, पूर्ण पाठ आणि शेपटी अशी चार छायाचित्रे दुरून मिळाली तर नंतर तज्ज्ञाला विचारता येते. काहीच न दिसलेला तासही लिहावा, कारण ४२ अंशांवर एकही सांडा बाहेर नव्हता ही नोंद दहा सांडे दिसल्याच्या नोंदीइतकीच उपयोगाची असते.

सकाळी ज्या बिळासमोर बसला होतात, तिथे ऊन कलल्यावर पुन्हा जाऊन बसावे, त्याच अंतरावर, त्याच घोंगडीवर. सांडा शेवटचे दोन घास घेऊन परततो, तोंडाशी थांबून एकदा मागे पाहतो, मग आत जातो. थोड्या वेळाने आतून माती ढकलली जाते आणि अर्धचंद्राचा आकार हळूहळू भरत जाऊन बुजतो. ती वेळ मिनिटांसह लिहावी आणि वही मिटावी.